चित्र दिसते, पण रेकॉर्डिंग होते का? घरगुती डीव्हीआर बिघडल्यावर करावयाची तपासणी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरातील मंगळवार पेठेतील आमच्या घराच्या बोळातून पाण्याची मोटर चोरीला गेली. घरावरील चार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांपैकी एक थेट त्या मोटरवर रोखलेला असल्यामुळे चोराचा चेहरा मिळणार, याविषयी घरात कोणाला शंका नव्हती. मात्र डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, मागचे चित्रण शोधायला बसलो, तेव्हा शेवटचे रेकॉर्डिंग आदल्या दिवाळीचे निघाले. सात महिने टीव्हीवर चारही चौकटी व्यवस्थित दिसत होत्या आणि त्यातील एक क्षणही कोठे साठवला जात नव्हता. ज्याने फिटिंग केले होते, त्या तंत्रज्ञाला फोन लावला, तर तो शांतपणे म्हणाला, “काका, चित्र दिसतंय न्हवं? मग मशीन ओके हाय की.”

दोष केवळ त्याचा नव्हता. दिवाळीच्या सुमारास त्या डब्यातून रात्री-अपरात्री ‘टीं टीं’ असा आवाज येऊ लागला होता. झोपमोड होते म्हणून मीच फोनवर त्याला विचारून मेनूमधील बझर बंद केला होता. हार्ड डिस्क बंद पडल्याची ती सूचना होती, हे मला पुढे कळले. नव्याने कॅमेरे बसवणाऱ्यांनी म्हणूनच एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी, ती अशी की समोर दिसणारे थेट चित्र आणि डिस्कवर होणारी नोंद ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिले चालू असताना दुसरे बंद असू शकते.

पुढील माहिती स्वस्तातील चार किंवा आठ कॅमेऱ्यांच्या, तारेच्या जोडणीच्या संचासाठी आहे. अशा संचात कॅमेरे, त्यांना वीज पुरवणारा एसएमपीएसचा पत्र्याचा डबा, चित्र आणि वीज एकत्र नेणारी ‘थ्री प्लस वन’ केबल, तिच्या टोकांना बीएनसी (चित्राच्या) आणि डीसी (विजेच्या) पिना, डीव्हीआर, त्याचा स्वतंत्र अडॅप्टर आणि डीव्हीआरच्या पोटातील हार्ड डिस्क एवढेच भाग असतात. बिघाड यांपैकी कोणत्या तरी एका भागात असतो आणि बहुतेक वेळा तो सर्वांत स्वस्त भागात असतो. परंतु दुकानदार प्रथम सर्वांत महाग भाग बदलण्याचा सल्ला देतो, असा माझा अनुभव आहे.

हात लावण्यापूर्वी

घरात चोरी किंवा अपघात नुकताच घडलेला असेल आणि त्याचे चित्रण हवे असेल, तर दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवून प्रथम रेकॉर्डिंग थांबवावे. डिस्क भरली की डीव्हीआर सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहीत जातो, त्यामुळे आठ-दहा दिवसांपूर्वीची घटना शोधत असताना मशीन तसेच चालू राहिले, तर तुम्ही शोधत असलेला भागच पुसला जाण्याची शक्यता असते. मेनूमध्ये ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइज’ असा पर्याय दिसला, तरी तो या टप्प्यावर दाबू नये. फोनवरून सल्ला देणारा तंत्रज्ञ पुष्कळदा पहिला उपाय म्हणून हाच सांगतो, कारण त्याने डीव्हीआर चालू होतो. तुमचे चित्रण गेले, तरी त्याचे काम झालेले असते.

चित्रणाची घाई नसेल, तर एका कागदावर लक्षणे लिहून काढावीत. बिघाड सर्व कॅमेऱ्यांना आहे की एकाला, दिवसा की फक्त रात्री, पाऊस पडल्यावर की वीज जाऊन आल्यावर, एवढ्या तीन प्रश्नांच्या उत्तरांतूनच निम्मा शोध लागतो.

वीजपुरवठा

सर्व चौकटी एकदम काळ्या झाल्या असतील, पण डीव्हीआरचा मेनू टीव्हीवर दिसत असेल, तर कॅमेऱ्यांचा एसएमपीएस गेला असे समजावे. मेनूही दिसत नसेल, तर डीव्हीआरचा अडॅप्टर, टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय किंवा व्हीजीए केबल आणि टीव्हीवर निवडलेला इनपुट या क्रमाने पाहावे. टीव्हीचा रिमोट मुलांच्या हाती पडून इनपुट बदललेला असणे, हा ‘बिघाड’ आमच्या गल्लीत किमान तीन घरांत निघाला आहे.

एक कॅमेरा दिवसा उत्तम चालतो आणि अंधार पडला की बंद पडतो किंवा लुकलुकतो, हे लक्षण नेमके ओळखता आले पाहिजे. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची विजेची गरज वाढते. एसएमपीएस थकलेला असेल, पिन सैल असेल किंवा केबल लांब आणि हलकी असेल, तर १२ व्होल्टचा दाब कॅमेऱ्यापर्यंत पोचेपर्यंत खाली येतो आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा चालू-बंद होत राहतो. दोनशे-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून कॅमेऱ्याजवळच्या पिनेवर रात्री, दिवे लागलेले असताना दाब मोजावा. तो ११ व्होल्टच्या खाली दिसत असेल, तर कॅमेरा बदलून उपयोग होणार नाही. चार कॅमेऱ्यांना सर्वसाधारणपणे १२ व्होल्ट ५ अँपिअरचा आणि आठ कॅमेऱ्यांना १० अँपिअरचा एसएमपीएस लावतात. चार कॅमेऱ्यांचा संच घेऊन नंतर त्याच डब्यावर आणखी दोन-तीन कॅमेरे जोडले गेले असतील, तर दोष तेथेच शोधावा.

एसएमपीएसचे झाकण उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करणे अनिवार्य आहे, कारण त्याच्या एका बाजूच्या स्क्रूवर २३० व्होल्टची घरगुती वीज उघडी असते. ज्यांना याची सवय नाही, त्यांनी वायरमनला बोलवावे. आमच्याकडे माळ्यावरच्या डब्याचे झाकण काढले, तेव्हा आत दोन स्क्रूंच्या मधोमध एक पाल कोळसा होऊन चिकटलेली होती आणि तिच्या शेपटीपाशी पट्टीचे प्लास्टिक वितळून तपकिरी झाले होते. उबेला पाली तेथे जातात. केबलसाठी पाडलेले छिद्र नंतर बुजवले पाहिजे, ही साधी गोष्ट फिटिंग करताना कोणी सांगत नाही.

डीव्हीआर स्वतःच दर काही मिनिटांनी बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, तर अडॅप्टर आणि हार्ड डिस्क या दोघांवर संशय घ्यावा. हार्ड डिस्क फिरू लागताना क्षणभर बरीच वीज ओढते आणि जुना अडॅप्टर तेवढी पुरवू शकत नाही. पडताळणीसाठी डीव्हीआर बंद करून झाकण उघडावे, डिस्कच्या दोन्ही केबल काढाव्यात आणि डिस्कशिवाय मशीन चालू करून तासभर पाहावे. ते स्थिर चालले, तर अडॅप्टरवर छापलेल्या व्होल्ट-अँपिअरचाच दुसरा अडॅप्टर उसना आणून डिस्कसह पुन्हा चालवावे. व्होल्ट तेच हवेत. अँपिअर थोडे जास्त असले तरी चालतात, कमी मात्र चालत नाहीत. दुसऱ्या अडॅप्टरवरही मशीन डगमगत असेल, तर डिस्क दोषी आहे.

वळवाच्या पावसात वीज चमकते आणि पुरवठा दिवसातून चार वेळा जातो-येतो, त्या एप्रिल-मे महिन्यांत बिघाडांचे प्रमाण वाढलेले जाणवते. संगणकाला लावतात तसा ६०० व्हीएचा यूपीएस डीव्हीआर आणि एसएमपीएस या दोघांना मिळून लावला, तर चार कॅमेऱ्यांचा संच साधारण अर्धा तास तरी निघतो. मुख्य म्हणजे लिहिता लिहिता वीज तुटल्यामुळे डिस्कची होणारी हानी टळते.

हार्ड डिस्क

रेकॉर्डिंग न होण्याचे सर्वांत मोठे कारण येथे असते. मेनूमध्ये ‘स्टोरेज’ किंवा ‘एचडीडी’ या शीर्षकाखाली डिस्कची क्षमता आणि स्थिती दिसते. तेथे काहीच दिसत नसेल, तर लगेच डिस्क गेली असे मानू नये. मशीन बंद करून डिस्कची साटा (माहिती नेणारी) केबल आणि विजेची केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवावी. या केबलची किंमत अगदी किरकोळ असते आणि मंगळूर टाइल्सच्या छपराखाली, दमट माळ्यावर वर्षानुवर्षे राहिलेल्या मशीनमध्ये तिचे टोक काळवंडलेले सापडते. त्यानंतरही डिस्क दिसत नसेल किंवा कान लावल्यावर ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल, तर मात्र ती निकामी झाली.

डिस्क दिसते, पण रेकॉर्डिंग नाही, अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्यात. ‘ओव्हरराइट’ (जुने पुसून नवे लिहिणे) बंद असेल, तर डिस्क भरल्यावर नोंद थांबते. रेकॉर्डिंगचे वेळापत्रक ‘मोशन’वर, म्हणजे हालचाल दिसली तरच नोंद, असे ठेवलेले असेल आणि मोशनची संवेदनशीलता शून्याजवळ असेल, तर हालचाल होऊनही नोंद होत नाही. तिसरी गोष्ट अशी की वेळापत्रक प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळे असते. पहिल्या कॅमेऱ्यासाठी भरून उरलेल्यांना ते लागू करायचे राहून गेल्याचे प्रकार नव्या फिटिंगमध्ये नेहमी आढळतात.

किती दिवसांचे चित्रण उरले पाहिजे, याचा हिशेब स्वतः करता येतो आणि तो एकदा केला की बिघाड लवकर लक्षात येतो. एका कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठणारी माहिती, २ एमबीपीएस (मेगाबिट) असेल, तर तो दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा घेतो. चार कॅमेऱ्यांचे मिळून ८६ जीबीच्या वर होतात आणि १ टीबीची डिस्क सुमारे साडेअकरा दिवसांत भरते. चित्रण अधिक दाबून साठवणारा एच.२६५ हा पर्याय मशीन आणि कॅमेरा यांना चालत असल्यास आणि बिटरेट निम्मा केल्यास तीच डिस्क सुमारे २३ दिवस पुरते. तुमच्या हिशेबाने अकरा दिवस मिळायला हवेत आणि प्रत्यक्षात तीनच दिवस मागे जाता येत असेल, तर डिस्क सांगितली तेवढ्या क्षमतेची नाही किंवा मध्ये मध्ये नोंद तुटते आहे.

नवी डिस्क घेताना कॅमेऱ्यांसाठी बनवलेलीच घ्यावी. सीगेटची स्कायहॉक आणि वेस्टर्न डिजिटलची पर्पल या मालिका रात्रंदिवस लिहिण्यासाठी असतात. संगणकाची साधी डिस्क चालते, पण त्या कामासाठी ती नसते. राजारामपुरी किंवा लक्ष्मीपुरीत किंमत विचारली आणि एखाद्याने निम्म्या दरात डिस्क देऊ केली, तर ती जुन्या मशीनमधून काढून पुसून ठेवलेली असू शकते. अशा वेळी दुकानातच ती संगणकाला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे डिस्क आजवर चाललेले तास, पाहावेत. नव्या डिस्कवर हा आकडा शून्याच्या जवळ असतो. डिस्कवरील सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी किती शिल्लक आहे, हेही तेथल्या तेथे तपासता येते. डीव्हीआर जास्तीत जास्त किती क्षमतेची डिस्क स्वीकारतो, हे मात्र आधी माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

जुन्या डिस्कमधील चित्रण काढण्यासाठी ती घरच्या संगणकाला जोडण्याचा मोह होतो. डीव्हीआरची लिहिण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे विंडोज ती डिस्क ओळखत नाही आणि फॉरमॅट करायची का, असे विचारते. येथे नकारच द्यावा.

घड्याळ

वीज गेल्यानंतर डीव्हीआरची तारीख २००० सालच्या जानेवारीवर किंवा अशाच कुठल्या तरी जुन्या दिवसावर जात असेल, तर आतील सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे. मोजक्या रुपयांचा हा सेल बदलला नाही, तर आजचे चित्रण भलत्याच तारखेखाली जाते आणि मालकाला रेकॉर्डिंगच नाही असे वाटते; काही मशीनमध्ये ते सापडण्यासाठी कॅलेंडरवर २००० साल उघडावे लागते. काही स्वस्त मशीनमध्ये हा सेल बोर्डाला डाखलेला असतो, ते काम दुकानात द्यावे. इंटरनेट जोडलेले असल्यास एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय) चालू करावे, टाइमझोन जीएमटी अधिक ५:३० ठेवावा आणि ‘डीएसटी’ (परदेशातील उन्हाळी वेळेचा बदल) बंद करावे.

एकाच कॅमेऱ्याचा बिघाड

येथे अदलाबदलीची पद्धत सर्वांत विश्वासार्ह आहे. तिसऱ्या चौकटीत ‘व्हिडिओ लॉस’ येत असेल, तर डीव्हीआरच्या मागे तिसऱ्या आणि पहिल्या कॅमेऱ्याच्या बीएनसी पिना एकमेकांच्या जागी लावाव्यात. काळी चौकट तिसरीच राहिली, तर डीव्हीआरचे ते छिद्र गेले. ती पहिल्या जागी सरकली, तर दोष केबलकडे किंवा कॅमेऱ्याकडे आहे. मग चालू कॅमेरा काढून बिघडलेल्याच्या जागी, त्याच केबलवर लावून पाहावा, म्हणजे त्या दोघांतला दोषीही उघड होतो. बहुतेक वेळा तो कॅमेरा नसतो आणि केबलही नसते, तर दोघांच्या जोडावर चढलेला हिरवा गंज असतो. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या झडीत भिंतीवर उघडा लोंबणारा जोड टिकत नाही. तो प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये घ्यावा आणि केबल बॉक्समध्ये शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकून जाते.

रात्री चित्र पांढुरके, धुक्यासारखे दिसत असेल, तर काचेवर धूळ किंवा कोळ्याचे जाळे आहे. रात्री कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि त्याचे हलणारे जाळे मोशनला रात्रभर चोर वाटत राहते. नवा कॅमेरा लावल्यावर चित्र काळे-पांढरे, फाटके किंवा मुळीच येत नसेल, तर चित्र पाठवण्याच्या एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय या पद्धतींपैकी त्याचा जो प्रकार आहे, तो डीव्हीआरला चालत नाही. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या केबलवर हा प्रकार बदलण्याचे छोटे बटण असते.

मोबाईल आणि पासवर्ड

घरातील टीव्हीवर चित्र दिसते आणि मोबाईलवर नाही, हा सहसा डीव्हीआरचा बिघाड नसतो. राउटर बदलला असेल किंवा इंटरनेट कंपनी बदलली असेल, तर नेटवर्कच्या मेनूत डीएचसीपी (राउटरकडून नेटवर्कचा पत्ता आपोआप घेण्याची सोय) चालू करून मशीन पुन्हा सुरू करावे. त्याहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. फिटिंग करणारा पुष्कळदा मशीन स्वतःच्या मोबाईलवरील खात्याला जोडतो आणि तुम्हाला फक्त पाहण्याची परवानगी (शेअर) देतो; म्हणजे तुमच्या अंगणाचे चित्र त्याच्या फोनवर कायम राहते. ते खाते त्याच्याकडून सोडवून घ्यावे, मशीन स्वतःच्या नंबरवर जोडावे आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने असे न बदललेले पासवर्ड वापरूनच जगभरातील लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते.

मशीन ठेवण्याची जागा

शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, बापट कॅम्प अशा भागांत राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. तळमजल्यावर टीव्हीच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला डीव्हीआर अशा वेळी सर्वांत आधी पाण्यात जातो. तो वरच्या मजल्यावर किंवा किमान डोक्याच्या उंचीवर, हवा खेळेल अशा ठिकाणी असावा. भिजलेले मशीन पुसून लगेच चालू करून पाहण्याची घाई करू नये. डिस्क काढून ती जाणकाराला दाखवावी.

पोलिसांना चित्रण देताना

पेन ड्राइव्ह लावून ‘बॅकअप’मधून हवा तेवढा भाग उतरवावा, पेन ड्राइव्ह ओळखला जात नसेल, तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावा. मशीनचे घड्याळ आणि खरी वेळ यांतील फरक त्याच दिवशी लिहून ठेवावा आणि तपास अधिकाऱ्यांना सांगावा, कारण सात मिनिटांच्या फरकानेही पुढे प्रश्न उपस्थित होतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली नसल्याचे पटवणारी अंकाक्षरांची खूण, नोंदवले जाते. म्हणून मूळ डिस्कवरील चित्रण काम संपेपर्यंत पुसू नये.

विक्रेता दाद देत नसेल तर

जीएसटीचे पक्के बिल, त्यावर डीव्हीआर आणि डिस्क या दोघांचे सिरीयल नंबर आणि वॉरंटीचा कालावधी हे कागद नसतील, तर भांडण तोंडीच राहते. वॉरंटीत असलेली वस्तू दुरुस्तीला देताना पोच घ्यावी. व्हॉट्सअॅपवर तारखेसह तक्रार पाठवली, तरी ती उपयोगी पडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि तेथे झालेल्या नोंदीवर पुष्कळ विक्रेते हालचाल करतात. त्याने भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. विक्रेता पुण्या-मुंबईचा असला तरी कोल्हापुरात दाद मागता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही. चार हजारांच्या मशीनसाठी एवढे करावे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे; मी पहिल्या पत्रावर थांबलो, कारण तेवढ्यात डिस्क बदलून मिळाली.

माझ्या भावाने गावाकडे गोठ्यावर असाच १ टीबीचा संच बसवला आहे. तेथे दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी निघते आणि त्या संध्याकाळी हिशेबाची वही मिटली की तो डीव्हीआरचा प्लेबॅक उघडतो. आदल्या रात्रीचे तीन वाजले, आठवड्यापूर्वीची दुपार आणि डिस्कवरचा सर्वांत जुना दिवस अशी तीन ठिकाणे तो प्रत्येक कॅमेऱ्याची पाहतो. डिस्क साडेअकरा दिवस पुरते, बिल दहाव्या दिवशी येते. आमच्या घरी बझर आता चालू ठेवला आहे.